आधी मोजा, मग भांडा

(चौसाळा, जि. बीड येथे कोरडवाहू कापूस-ज्वारी शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चौसाळ्याला बैठक म्हटली की विषय ठरलेले असतात. कापसाचा भाव, पीकविमा, रात्री-अपरात्री येणारी वीज आणि ऊसतोडीला गेलेल्या माणसांची बंद घरे. त्या विषयांवर बोलायला आमचे सहकारी बसलेले आहेत आणि ते बोलतीलच. आम्ही आज बोलणार आहोत ते मोहरीच्या दाण्याहूनही लहान असलेल्या एका किड्यावर. हा किडा मधमाशीच्या अंगावर बसतो.

हसू नका. या किड्यापायी याच भागात दोन शेजाऱ्यांची डोकी फुटायची वेळ आली होती आणि ती वेळ आणण्यात आमचाही हात होता. ती गोष्ट आधी सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, माणसांचीही नाही.

आपला एक कार्यकर्ता दीड एकरावर कांद्याचे बी करतो. बी चांगले भरावे म्हणून त्याने स्वतःच्या खिशातून सहा मधपेट्या आणल्या. फेब्रुवारीत डेंगळ्यांवर गोंडे उमलले, माश्या कामाला लागल्या, गडी खूष. पंधरा-वीस दिवसांनी पेट्यांतली गजबज कमी होऊ लागली. मार्चच्या मध्यावर दोन पेट्या जवळजवळ रिकाम्या झाल्या. बांधापलीकडे शेजाऱ्याचे टरबूज होते आणि त्यावर दोन फवारण्या झाल्या होत्या. झाले. याने औषध मारले, याने माझ्या माश्या मारल्या, याने माझे बी बुडवले. प्रकरण चावडीवर आले.

आम्हाला बोलावणे आले. शेतकी कॉलेजात शिकलेली माणसे म्हणून आमच्या शब्दाला वजन. आम्ही पेटी उघडली नाही, शेतात गेलो नाही, चावडीवर बसूनच निकाल दिला की औषधानेच मेल्या. पोलिसात द्यायच्या अर्जाचा मजकूरसुद्धा आम्ही सांगू लागलो. तेव्हा तो शेजारी, साठी उलटलेला माणूस, उठून म्हणाला, "सायेब, माझ्या फवाऱ्यानं माशा मेल्या म्हनता, मंग त्यांची मढी कुठंयत?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनाही बरोबर घेऊन पेट्या उघडल्या. विषाने माश्या मरतात तेव्हा पेटीच्या दारात मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. पुष्कळदा त्यांच्या सोंडा बाहेर लोंबत असतात. तसे तिथे काही नव्हते. दाराबाहेर मातीत आठ-दहा माश्या सरपटत होत्या. त्यांचे पंख चुरगळलेले, उदबत्ती लागलेल्या कागदासारखे. आत पोळ्यावर पिल्लांची झाकलेली घरे कुठे खचलेली, कुठे भोके पडलेली. नराची झाकलेली घरे उकरली, तर पांढऱ्या कोषांवर तांबूस तपकिरी ठिपके, आणि ते ठिपके चालत होते. माश्या मारणारा गुन्हेगार पेटीतच बसला होता.

आम्ही त्याच चावडीवर त्या शेजाऱ्याची माफी मागितली. सहापैकी दोन पेट्या वाचल्या. त्या दिवशी आम्ही स्वतःशी ठरवले की ज्याचे मोजमाप आपण केलेले नाही, त्यावर यापुढे कोणाशी भांडायचे नाही. आजचे बोलणे त्या मोजमापाबद्दल आहे.

माशीचा आणि कोरडवाहूचा संबंध

तुम्ही म्हणाल, आम्ही कापूस आणि ज्वारीवाले, आमचा मधमाशीशी काय संबंध? संबंध आहे, पण आहे तेवढाच सांगतो. मधमाशी आणली की सगळ्याच पिकांचा उतार वाढतो, असे सांगत फिरणारे पुष्कळ आहेत. तसे नाही.

ज्वारीला मधमाशीची गरज नाही, तिचे दाणे माशीवाचून भरतात. कापसाचे बोंडही स्वतःच्याच फुलातल्या परागावर धरते. मात्र त्याचे पराग जड आणि चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत, म्हणून माशी फिरली तर थोडा फायदा होतो. सीताफळ हे आपल्या बालाघाटाचे नाव झालेले फळ, पण त्याचे काम मधमाशी करत नाही. ते काम बारीक भुंगेरे करतात.

आता दुसरी बाजू. सूर्यफूल, करडई, तीळ आणि कारळे यांना माशीचा चांगला उपयोग होतो. टरबूज, भोपळा, दोडका, कारले यांची नर आणि मादी फुले वेगळी. तिथे कोणी तरी पराग नेऊन टाकल्याशिवाय फळच धरत नाही. आणि कांद्याचे बी? कांद्याच्या फुलात परागाची पिशवी आधी फुटते आणि मादीचे तोंड मागाहून तयार होते. त्यामुळे एक फूल स्वतःचे काम स्वतः करू शकत नाही. दुसऱ्या फुलाचा पराग आणून देणारा लागतो. माशी नसेल तर गोंडा मोठा दिसतो आणि झोडपल्यावर हातात पोचट पडते. मराठवाड्यात कांद्याच्या बियाण्यावर ज्यांचे वर्षाचे गणित चालते, त्यांच्यासाठी मधमाशी ही बैलजोडीइतकीच शेतीची गरज आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ज्वारीला माशीची गरज नसली तरी माशीला ज्वारीची गरज आहे. रब्बी ज्वारी डिसेंबरच्या सुमारास फुलोऱ्यात येते तेव्हा माश्या तिच्यावरून परागाचे गोळे भरून नेतात. तोच पराग पिल्लांचे अन्न. जानेवारीत करडई, मग कांद्याचे गोंडे, मग कडुनिंब. ही साखळी आपल्याच शेतातून जाते. म्हणजे ज्याच्या घरी एकही पेटी नाही, तोही माश्या पोसतोच आहे.

पाच माश्या

आपल्या भागात चार जातींच्या माश्या पूर्वापार आहेत. वडा-पिंपळावर आणि पाण्याच्या टाकीखाली एकच मोठे पोळे लावणारी आग्या माशी. झुडपात हाताच्या तळव्याएवढे पोळे करणारी फुलोरी. ढोलीत अनेक पोळी लावणारी सातेरी. आणि भिंतीच्या फटीत राहणारी, नांगी नसलेली, डासाएवढी पोया. यांपैकी पेटीत पाळता येते ती मुख्यतः सातेरी. महाबळेश्वरच्या डोंगरात ती चांगली रुळली. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तिथेच आहे. त्याच भागातले मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले.

आपल्या उन्हात सातेरी टिकायला कठीण. म्हणून बियाण्याच्या कांद्यावर पेट्या येतात त्या बहुतेक पाचव्या माशीच्या, मेलिफेराच्या. ही मूळची इकडची नाही. १९६२ साली हिमाचल प्रदेशात नगरोटा येथे तिला भारतात पहिल्यांदा यशस्वीपणे बसवले गेले आणि पुढे पंजाब-हरियाणात तिचा पसारा वाढला. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थाही १९६२ सालचीच. मेलिफेरा मध भरपूर देते, पेटी सोडून सहसा पळत नाही, ट्रकमध्ये घालून कुठेही नेता येते. संकरित वाणासारखी. संकरित वाणाबरोबर काय येते, ते कापूसवाल्याला सांगायला नको.

कोळी आला कुठून

या किड्याचे नाव व्हॅरोआ. कपाशीवरच्या आणि डाळिंबावरच्या कोळ्याचा हा लांबचा भाऊबंद, पण याचे वागणे गोचिडासारखे. रुंदी सुमारे दीड मिलिमीटर, आकार खेकड्यासारखा, लांबीपेक्षा रुंद. माणसाच्या मानाने पाहिले तर अंगावर बशीएवढी गोचीड घेऊन फिरण्यासारखे आहे.

१९०४ साली जावा बेटावर सातेरीच्या जातीच्या माशीवर तो पहिल्यांदा नोंदला गेला. सातेरीचे आणि त्याचे जुने नाते आहे. सातेरी त्याला अंगावरून वेचून काढते, चावते, आणि तिच्याकडे तो मुख्यतः नराच्या घरातच वाढतो. दोघेही जगतात. माणसाने मेलिफेरा माशी आशियात आणून सातेरीच्या शेजारी ठेवली. कोळ्याला नवे घर मिळाले आणि या नव्या माशीला त्याच्याशी झुंजण्याची सवय नव्हती. पेट्यांच्या व्यापाराबरोबर तो युरोपात गेला, १९८७ साली अमेरिकेत सापडला, १९९२ साली इंग्लंडात, २००० साली न्यूझीलंडात. त्याच २००० साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की मेलिफेराचा घात करणारी ही व्हॅरोआची वेगळी जात आहे. तिचे नाव त्यांनी डिस्ट्रक्टर ठेवले, म्हणजे संहारक.

ऑस्ट्रेलिया सगळ्यात शेवटपर्यंत वाचला. तिथे बंदराबंदरावर पहाऱ्याच्या पेट्या ठेवलेल्या असतात आणि त्या नेमाने तपासल्या जातात. जून २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदरातल्या अशाच पेट्यांत कोळी सापडला. त्यांनी हजारो पेट्या नष्ट केल्या. तरी सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना कबूल करावे लागले की आता याचा नायनाट होत नाही, याच्यासह जगायला शिकले पाहिजे. आपल्याकडे तर तो घरचाच आहे. म्हणून नायनाटाची भाषा सोडा.

तो नुकसान कसे करतो ते समजून घ्या, म्हणजे मोजायचे का ते कळेल. अळीचे घर मेणाने झाकले जाण्याच्या थोडे आधी कोळ्याची मादी आत शिरते. झाकण बसले की ती अंडी घालते, आधी एक नर, मग माद्या. आई आणि लेकरे मिळून कोषाचे अंग शोषतात. पूर्वी समजत होते की तो माशीचे रक्त पितो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की तो तिच्या अंगातली चरबी खातो. त्याच चरबीवर माशीचे आयुष्य आणि रोगाशी लढण्याचे बळ अवलंबून. वर तो विषाणू टोचतो. चुरगळलेले पंख हे त्याच विषाणूचे काम. कामकरी माशीचे घर सुमारे बारा दिवस झाकलेले असते, नराचे दोन-तीन दिवस जास्त. म्हणून कोळ्याला नराचे घर आवडते.

आता मुद्द्याची गोष्ट. पेटीत पिल्ले भरपूर असतात तेव्हा निम्म्याहून जास्त कोळी झाकणाखाली असतात, डोळ्यांना दिसतच नाहीत. पेटी उघडून पाहिली, एकही दिसला नाही, म्हणजे कोळी नाही, असे समजू नका. माश्या वाढतात तसा तोही वाढत असतो. मग उन्हाळा लागतो, फुले संपतात, राणी अंडी कमी घालते, माश्या घटतात. कोळी मात्र तेवढेच असतात. जानेवारीत वीस हजारांवर वाटलेले ओझे एप्रिलमध्ये आठ हजारांवर येते. गाडी तिथे मोडते. आणि पेटीवाला म्हणतो, उन्हाने मेल्या.

मोजायचे कसे

गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळा तुम्ही लावता. सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन रात्री आले की फवारणीची वेळ आली, हे तुम्हाला पाठ आहे. सापळा अळी मारायला लावलेला नसतो, आकडा कळायला लावलेला असतो. मधपेटीचेही तसेच आहे. खर्च पन्नास-शंभर रुपयांच्या आत आहे.

एक रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बरणी घ्या. झाकणाचा मधला भाग कापून तिथे जाळी बसवा. डासांची जाळी चालणार नाही, ती बारीक पडते, कोळी अडकून बसतो. छिद्र अडीच-तीन मिलिमीटरचे हवे. माशी आत राहिली पाहिजे आणि कोळी खाली पडला पाहिजे. साखर घरी दळा आणि कोरडी ठेवा. बाजारच्या पिठीसाखरेत पुष्कळदा मक्याचे पीठ असते. एक पांढरे ताट, थोडे पाणी आणि १०० मिलीचे एक माप. मापाबद्दल एक ताकीद आहे. औषध मोजायचे माप घेऊ नका, कितीही धुतलेले असले तरी.

सकाळी ऊन चढण्याआधी, कोरड्या हवेत पेटी उघडा. जिच्यावर अळ्या आणि झाकलेली पिल्ले आहेत अशी चौकट उचला. पहिले काम राणी शोधणे. ती त्या चौकटीवर असेल तर तिला दुसऱ्या चौकटीवर जाऊ द्या. राणी बरणीत गेली तर पेटीच गेली समजा. मग चौकट एका पसरट घमेल्यावर झटका. त्यातल्या माश्या १०० मिलीच्या मापाने भरून बरणीत टाका. एवढ्या मापात सुमारे तीनशे माश्या बसतात. तीनशे मोजत बसायची गरज नाही.

जाळीवरून दोन चमचे पिठीसाखर आत टाका. बरणी आडवी धरून हळूहळू फिरवा, म्हणजे प्रत्येक माशीला साखर लागेल. दोन मिनिटे सावलीत ठेवा. साखरेने कोळ्याच्या पायांची पकड सुटते आणि माश्याही एकमेकींना झाडू लागतात. आता बरणी उलटी करून पांढऱ्या ताटावर मिनिटभर जोराने हलवा. ताटात साखर पडेल. तिच्यावर पाणी शिंपडा. साखर विरघळेल आणि तांबूस ठिपके उरतील, तेवढे मोजा. माश्या परत पेटीत सोडा. गिरणीतून दळण घेऊन आल्यासारख्या त्या दिसतात. बाकीच्या बहिणी त्यांना चाटून साफ करतात.

ताटात सहा कोळी असतील तर शंभर माश्यांमागे दोन झाले, नऊ असतील तर तीन. जगभर साधारणपणे शंभरी दोन-तीन ही इशाऱ्याची पातळी मानतात. साखरेने सगळे कोळी निघत नाहीत, थोडे चिकटून राहतातच. म्हणून आम्ही म्हणतो, सहावरच जागे व्हा. एक-दोन निघाले तर नोंद करा आणि महिन्याने पुन्हा मोजा. शून्य निघाले तरी नोंद करा.

साखरेऐवजी साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये माश्या बुडवून हलवल्या तर आकडा जास्त खरा येतो, पण त्या तीनशे माश्या मरतात. वीस हजारांतल्या तीनशे म्हणून काही जण ते करतात, काहींच्या मनाला ते पटत नाही. ज्याला जे जमेल ते त्याने करावे. दर वेळी एकच पद्धत वापरा म्हणजे झाले, नाहीतर गेल्या महिन्याच्या आकड्याशी तुलना होत नाही.

आणखी दोन सोप्या खुणा. नराची झाकलेली घरे फुगीर असतात, ती काट्याने उकरून कोष बाहेर काढा. पांढऱ्या कोषावर तपकिरी कोळी लगेच दिसतो. आणि पेटीच्या तळाशी तुपाचा हात फिरवलेला पांढरा कागद, वर जाळी, असे चोवीस तास ठेवले तर गळून पडलेले कोळी कागदावर सापडतात.

दहापर्यंत पेट्या असतील तर सगळ्या मोजा. एका पेटीवरून दुसरीचा अंदाज बांधू नका. आपल्या भागात चार वेळा तरी मोजणे झालेच पाहिजे. पाऊस संपता संपता सप्टेंबरात, ज्वारी फुलोऱ्यात असताना, कांद्याचे गोंडे उमलण्याआधी जानेवारीच्या शेवटी, आणि हंगाम उरकल्यावर मार्चअखेर. मार्चअखेरची मोजणी सगळ्यात महत्त्वाची, कारण पुढे होरपळ आहे.

दुसरा कोळी

परदेशी पुस्तकात एवढ्यावर धडा संपतो. आपल्याकडे संपत नाही. आपल्या आग्या माशीच्या पोळ्यात आणखी एक कोळी असतो, ट्रोपिलेलॅप्स. आग्यावरून या वंशाचे कोळी मेलिफेराच्या पेटीत आले आहेत. हा व्हॅरोआपेक्षा लहान, अंगाने लांबट, आणि पोळ्यावर पळत सुटतो. तो माशीच्या अंगावर फारसा राहत नाही, पिल्लांवरच जगतो, म्हणून साखरेच्या बरणीत सापडत नाही. त्याच्यासाठी पिल्लांची चौकट घ्या, माश्या झटकून टाका आणि चौकटीची कड पांढऱ्या ताटावर दोन-चार वेळा आपटा. लांबट तांबडे ठिपके ताटात पळताना दिसले की ओळखा.

याचे एक मर्म आहे. मोठ्या माशीचे अंग त्याला भेदता येत नाही, त्यामुळे पिल्ले नसतील तर तो थोड्याच दिवसांत मरतो. आग्या माशी हंगाम संपला की पोळे सोडून दूर जाते आणि कोळी मागे उपाशी मरतो. हा तिचा दवाखाना. पेटीतल्या मेलिफेराला आपण कोंडून ठेवतो, तिला ही सोय नाही.

आकडा आल्यावर काय करायचे

पहिली गोष्ट, दुकानात जाऊन कपाशीच्या कोळ्याचे औषध आणू नका. माशीही मरेल, मधही विषारी होईल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. विषाशी अंदाजाने खेळू नये, एवढे तरी त्यातून शिकू या.

औषधाविना होणारे उपाय आधी करा. नराची झाकलेली घरे असलेला पोळ्याचा तुकडा, नर बाहेर पडण्याआधी कापून नष्ट करा. सापळ्यात सापडल्यासारखे कोळी त्यात जातात. जाणत्या माणसाकडून राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवायला शिका. अंडी थांबली की कोळ्याची वाढही थांबते. पेट्यांना सावली आणि जवळ पाणी द्या.

तेवढ्याने आकडा उतरला नाही तर फॉर्मिक आम्ल, ऑक्झॅलिक आम्ल किंवा थायमॉल. थायमॉल म्हणजे ओव्याला ज्याचा वास असतो तेच द्रव्य. म्हणून घरचा ओवा वाटून पेटीत घालू नका. मात्रा चुकली की माश्या पेटी सोडतात. फॉर्मिक आम्लाची वाफ झाकणाखालीही पोचते, पण तापलेल्या हवेत तीच वाफ राणीला मारते आणि हाताला लागले तर कातडी जाळते. मध काढायच्या चौकटी पेटीत असताना यांपैकी काही वापरायचे नाही. मात्रा तज्ज्ञाला विचारूनच ठरवा. खामगाव आणि अंबाजोगाईला कृषी विज्ञान केंद्रे आहेत, परभणीला आपले विद्यापीठ आहे. त्यांना जाऊन विचारणे हा आपला हक्क आहे. आणि उपचारानंतर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजा. पुन्हा मोजल्याशिवाय औषध लागू पडले असे म्हणता येत नाही.

फ्लुव्हॅलिनेट नावाच्या औषधाच्या पट्ट्याही मिळतात. हे औषध सायपरमेथ्रिनच्या कुळातले. त्या कुळातल्या औषधांना हिरवी बोंडअळी कशी दाद देईनाशी झाली, ते तुम्ही भोगलेले आहे. १९९० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या कोळ्यांनीही फ्लुव्हॅलिनेट असेच पचवले. न मोजता दर वर्षी तेच औषध लावणाऱ्याच्या नशिबी हेच येते.

एकट्याने मोजून भागत नाही

एका पेटीत कोळी माजला आणि ती कमजोर झाली की शेजारच्या पेटीतल्या माश्या तिचा मध लुटायला येतात. लुटीबरोबर कोळी घरी नेतात. एकाने फरदड ठेवली की साऱ्या शिवाराच्या कपाशीला गुलाबी अळी पुरवली जाते, तसेच हे. म्हणून ज्या शिवारात दोन-चार जणांकडे पेट्या आहेत, त्यांनी एकाच आठवड्यात मोजावे आणि उपाय करायचा तर बरोबरीने करावा. बाहेरून ट्रक भरून पेट्या येतात, त्यांच्या मालकालाही आधी बरणी दाखवा. मोजू देत असेल तर पेट्या उतरवा.

फवारणीचे भांडण खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. औषधाने माश्या मरतात आणि पुष्कळ मरतात. फुले उमललेल्या पिकावर भर दिवसा फवारू नका, संध्याकाळी माश्या परतल्यावर फवारा, आणि पेटीवाल्याला आदल्या दिवशी सांगा. पण मेलेल्या माश्यांचा सडा कोणत्या दिवशी दिसला आणि त्याआधी कोळ्याचा आकडा किती होता, हे ज्याच्या वहीत लिहिलेले आहे, त्याचीच तक्रार कोर्टात आणि चावडीवर उभी राहील.

हीच गोष्ट सरकारबाबत. मध केंद्र योजनेत निम्म्या अनुदानावर पेट्या मिळतात. २०२० साली केंद्राने मधमाशीपालनाच्या राष्ट्रीय मोहिमेसाठी पाचशे कोटी रुपये जाहीर केले. चांगले आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे की वाटलेल्या पेट्यांपैकी वर्षाने जिवंत किती? पेटीबरोबर मध काढायचे यंत्र दाखवतात, मग कोळी मोजायची बरणी का दाखवत नाहीत? आपण मागणी करू की प्रत्येक पेटीबरोबर मोजणीचे शिक्षण द्या, आणि मेलेल्या पेट्यांची नोंद ठेवा. ती नोंद नसली की पेटी मेल्यावर शेतकरी अडाणी ठरतो. त्याला माश्या सांभाळता आल्या नाहीत, असे म्हणून फाइल बंद होते.

१९८० साली चाकणला कांद्याचे आंदोलन उभे राहिले ते कशावर? कांदा पिकवायला खर्च किती येतो, हे शेतकऱ्याने मांडून दाखवले, त्यावर. त्याआधीही शेतकरी तोट्यातच होता, पण तोट्याचा आकडा त्याच्या हातात नव्हता. नशीब म्हणत होता. आकडा हातात आला आणि नशिबाची भाषा बंद पडली. माश्या उन्हाने मेल्या, दृष्ट लागली, शेजाऱ्याने मारल्या, ही तीच जुनी भाषा आहे.

तेव्हा आज उठण्याआधी तीन गोष्टी ठरवू. ज्यांच्याकडे पेट्या आहेत त्यांनी इथे नाव लिहून द्यावे. जाळी बसवलेल्या चार बरण्या आम्ही करून आणल्या आहेत, त्या गावोगाव फिरतील. घरी लेकीबाळी शाळेत जात असतील तर वही त्यांच्याकडे द्या, आमच्या अनुभवाने ताटातले ठिपके मोजायला त्यांचे डोळे आपल्यापेक्षा चांगले आहेत. आणि पुढच्या बैठकीला प्रत्येकाने चार रकाने भरून आणायचे, तारीख, पेटीचा नंबर, तीनशे माश्यांमागे कोळी, आणि शेजारच्या शिवारात काय फवारले.

बैठक संपल्यावर बाहेर लिंबाखाली एक पेटी ठेवली आहे. राणी कशी ओळखायची ते तिथे दाखवतो. ज्यांना माश्या चावायची भीती वाटते त्यांनी जरा लांब उभे राहावे. ती पेटी कोणाची, ते ओळखलेच असेल. कांद्याच्या बियाण्यावाल्या आपल्या कार्यकर्त्याच्या वाचलेल्या दोनपैकी ती एक. ती आज इथवर उचलून आणायला त्याला हात लावला आहे तो त्याच्या टरबूजवाल्या शेजाऱ्याने.